सेवाग्रामचे दोन आरोग्यमंत्री आणि गर्भपाताचा कायदा

गर्भपाताला विरोध करणारे देशोदेशीचे प्रचारक गांधींचा हवाला आवर्जून देतात. अहिंसेचा पुरस्कर्ताच गर्भपाताला अपराध म्हणतो, मग आणखी काय हवं, असा त्यांचा सूर असतो. हवाला खोटा नाही. परपुरुषापासून दिवस गेलेल्या एका विवाहितेबद्दलच्या पत्राला उत्तर देताना गांधींनी तसं निःसंदिग्धपणे लिहिलं आहे. पण ज्या उताऱ्यातून तेवढं वाक्य उचललं जातं, तो उतारा तिथे संपत नाही. लगेच पुढे गांधी सांगतात की अशीच चूक करणारे नवरे अगणित आहेत आणि समाज त्यांना जाबही विचारत नाही. बाईला आपली अवस्था झाकता येत नाही, पुरुषाला मात्र पाप पचवता येतं. म्हणून ती बाई दयेला पात्र आहे, आणि तिच्या नवऱ्याने आपल्या आईवडिलांच्या सल्ल्याला न जुमानता ते मूल मायेने वाढवायला हवं. अपराध हा शब्द गांधींनी वापरला, पण त्यासाठी बाईला शिक्षा मागितली नाही. गर्भपात नैतिकदृष्ट्या चूक मानणं आणि तो करून घेणाऱ्या बाईला कायद्याने गुन्हेगार ठरवणं या दोन गोष्टी सेवाग्रामशी नातं सांगणाऱ्या माणसांनी वेगळ्या ठेवल्या, आणि केवळ पत्रांतून नाही तर राज्यकारभारातही वेगळ्या ठेवल्या, असं इतिहास बघता म्हणावं लागतं. फक्त हा फरक त्यांनी चारचौघांत कधी मांडला नाही. त्या मौनाचा भार पुढच्या पन्नास वर्षांत कुणी उचलला, हेही याच इतिहासात दिसतं.

डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला आल्या. गांधींचा मुक्काम तेव्हा मगनवाडीत होता. शेगावात ते राहायला गेले १९३६ च्या एप्रिलअखेरीस, आणि त्या शेगावचं सेवाग्राम झालं १९४० मध्ये. दोघांच्या संभाषणाचा वृत्तांत गांधींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांनी 'हरिजन'मध्ये दिला. सँगरबाई स्वतः गर्भपाताच्या बाजूच्या नव्हत्या. बायकांना साधनं मिळाली तर गर्भपाताची पाळीच येणार नाही, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. गांधींना साधनं मान्य नव्हती, त्यांचा उपाय संयमाचा होता. पण त्या संभाषणात एक मुद्दा असा आहे ज्याकडे गांधींचे भक्त आणि टीकाकार दोघेही फारसं बघत नाहीत. बायकोला नवऱ्याला नकार देता आला पाहिजे, तो तिचा मूलभूत अधिकार आहे, आणि तो तिला शिकवण्याची गरज आहे, असं गांधी मांडत होते. म्हणजे त्यांच्या संयमाच्या साऱ्या योजनेचा पाया बाईच्या नकारावर उभा होता. ज्या घरात त्या नकाराला किंमत नाही तिथे ही योजना कोसळते, आणि १९३५ च्या वर्ध्यात, किंवा कुठेही, अशी घरं किती होती हे वेगळं सांगायला नको. गांधींचं निदान बरोबर होतं. औषध मात्र त्यांनी अशा रोग्याला लिहून दिलं ज्याच्या हातात ते घेणं नव्हतं.

त्या काळी कायदा काय करत होता ते बघू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ३१२ ते ३१६ ही कलमं आली. बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेला सोडून बाकी प्रत्येक गर्भपात गुन्हा ठरला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतः गर्भ पाडणारी बाईही त्याच कलमात आली. कायद्याचं पुस्तक इंग्लंडच्या धर्तीवर लिहिलेलं होतं, त्याचा फटका मात्र इथल्या विधवांना बसला. केशवपन झालेली, पुनर्विवाहाची वाट बंद असलेली, घरातल्याच एखाद्या पुरुषाच्या तावडीत सापडलेली विधवा एकीकडे बदनामी आणि दुसरीकडे तुरुंग यांच्या कात्रीत सापडे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अशा बायकांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती नंतर कमी करण्यात आली. त्या प्रकरणावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतिमत्तेवर जी आग पाखडली गेली, तिला उत्तर म्हणून १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. त्यांचा प्रश्न सरळ होता: या अपराधात सामील असलेला पुरुष कुठे आहे? गांधींचं ते उत्तर याच ओळीत बसतं. फुल्यांनी भ्रूणाबद्दल व्याख्यानं दिली नाहीत की बाईला कोर्टात खेचा म्हटलं नाही. घराचं दार उघडलं आणि एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. आजच्या गर्भपातविरोधी प्रचारकांना मूल वाढवण्याचा पर्याय सुचवायचा असेल तर त्यांच्यासमोर ही मोजमापाची पट्टी आहे. पर्याय देण्यासाठी फुल्यांना कलम ३१२ ची गरज पडली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर आरोग्यखातं सेवाग्रामच्याच माणसांकडे गेलं, एकदा नाही तर दोनदा. १९४७ पासून दहा वर्षं राजकुमारी अमृत कौर केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. कपूरथळ्याच्या राजघराण्यातली ही ख्रिस्ती बाई अनेक वर्षं गांधींची चिटणीस होती, सेवाग्रामच्या आश्रमात राहिलेली होती. कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध गांधींइतकाच ठाम होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले, तेव्हा अमृत कौरांनी जागतिक आरोग्य संघटनेमार्फत अब्राहम स्टोन यांना बोलावलं आणि 'सुरक्षित काळ' मोजण्याच्या पद्धतीचे प्रयोग सुरू केले. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या, रोज एक मणी सरकवायचा. प्रयोग फसला. या काळात गर्भपाताच्या कायद्याचा विषय सरकारदरबारी निघणंही शक्य नव्हतं. १९६२ मध्ये आरोग्यमंत्री झाल्या डॉ. सुशीला नायर, आणि त्यांचं सेवाग्रामशी नातं तर अमृत कौरांहूनही घट्ट. दिल्लीच्या लेडी हार्डिंजमधून डॉक्टर होऊन त्या गांधींकडे आल्या, सेवाग्रामात कॉलऱ्याच्या साथीत राबल्या, १९४२ नंतर आगाखान पॅलेसमध्ये गांधी आणि कस्तुरबांसोबत कैदेत राहिल्या. कस्तुरबा तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या. त्यांच्या नावाने सेवाग्रामला सुरू झालेलं रुग्णालय आधी बायकामुलांसाठीचं होतं, आणि त्याच्या मुळाशी सुशीलाबहेन होत्या.

या सुशीलाबहेन मंत्री असताना, १९६४ मध्ये, गर्भपाताचा कायदा बदलावा का याचा विचार करायला समिती नेमली गेली. सूचना केंद्रीय कुटुंबनियोजन मंडळाची होती, अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. सुशीलाबहेन स्वतः गर्भपाताला अनुकूल होत्या असा अर्थ यातून काढायचं कारण नाही, आणि माझ्या युक्तिवादाला त्याची गरजही नाही. त्या ब्रह्मचारिणी होत्या, गांधींच्या वैद्यकीय सेवेत वाढलेल्या होत्या, त्यांचं वैयक्तिक मत कुठल्या बाजूला झुकलं असेल याचा अंदाज करणं अवघड नाही. पण मत एकीकडे ठेवून त्यांच्या खात्याने आधी आकडे विचारले. शाह समितीचा अहवाल १९६६ च्या डिसेंबरात आला. पन्नास कोटी लोकसंख्येमागे वर्षाला ६५ लाख गर्भपात होत असावेत, त्यातले ३९ लाख मुद्दाम केलेले, असा तिचा हिशेब होता. हा हिशेब अंदाजाचा होता. गुन्हा असलेल्या गोष्टीची नोंद कोण ठेवणार! तरी तो निम्म्याने चुकला असं धरलं तरी निष्कर्ष तोच राहतो. शंभर वर्षं कायदा होता आणि शंभर वर्षं गर्भपात होत होते, सुईणीच्या काडीने, झाडपाल्याने, वैदूच्या पुडीने, आणि त्यात बायका मरत होत्या. समितीसमोरचा प्रश्न 'गर्भपात व्हावेत का' असा उरलाच नव्हता. ते कुठे आणि कुणाच्या हातून होतात, एवढंच ठरवायचं होतं.

या समितीच्या सूचनांवरून वैद्यकीय गर्भपाताचं विधेयक आलं, १९७१ च्या ऑगस्टमध्ये संमत झालं, १० ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि १ एप्रिल १९७२ पासून कायदा लागू झाला. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्यावर किती रान पेटलं, अमेरिकेत १९७३ च्या निकालाने राजकारण कसं दुभंगलं, ते सर्वांना माहीत आहे. इथे तसं काही घडलं नाही. पोप सहावे पॉल यांचं संततिनियमनाविरुद्धचं पत्रक १९६८ चं, पण भारतातल्या चर्चचा आवाज लहान होता. संसदेत स्वैराचार वाढेल अशी भीती काहींनी बोलून दाखवली, तेवढंच. तीसच्या दशकात याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, बाबासाहेब आंबेडकर त्यांचं वकीलपत्र घेऊन उभे राहिले, १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला आणि पडला. साधनांवर खरीखुरी भांडणं झाली होती. गर्भपातावर भांडणाशिवायच कायदा झाला. हे सुदैव असल्याचं पुष्कळ जण मानतात, मला तसं वाटत नाही. भांडण झालं नाही म्हणून बाईच्या हक्काची बाजू कुणाला मांडावी लागली नाही, आणि ती कायद्यात आलीही नाही. १९७१ च्या कायद्याने परवानगी दिली ती डॉक्टरला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस आठवड्यांपर्यंत दोघांचं. साधन निकामी झाल्याची सबब विवाहित बाईला आणि तिच्या नवऱ्यालाच लागू. कलम ३१२ रद्द झालं नाही, त्याला फक्त एक अपवाद जोडला गेला.

यावर पहिला आक्षेप येतो तो लोकसंख्येचा. हा कायदा दयेपोटी आला नाही, सरकारला माणसं कमी करायची होती, असं म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. कुटुंबनियोजनाचे मंत्री राहिलेले एस. चंद्रशेखर यांनी १९७४ मध्ये गर्भपातावर पुस्तक लिहिलं, त्याच्या शीर्षकातच गर्दीचं जग आहे, आणि आणीबाणीतल्या नसबंदीच्या मोहिमेने सरकारचा हेतू काय थराला जाऊ शकतो ते दाखवलं. पण शाह समितीने याच मुद्द्यावर स्पष्ट भूमिका घेतली होती: लोकसंख्या आटोक्यात आणण्यासाठी गर्भपात कायदेशीर करणं अव्यवहार्य आहे, आणि त्याने कुटुंबनियोजनाच्या कामालाच धक्का बसेल. तिच्या शिफारशीमागचं कारण बाईचं आरोग्य आणि दया हेच होतं. नंतरच्या मंत्र्यांनी त्यावर दुसरा रंग चढवला, तो चढू शकला याचंही कारण पुन्हा तेच, मूळ कारण लोकांसमोर कुणी नीट मांडलंच नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो वर्ध्यातूनच येतो. गांधीवादी नीती आणि शिक्षा वेगळ्या ठेवत होते म्हणता, मग दारूबंदीचं काय? सुशीलाबहेन आयुष्यभर दारूबंदीसाठी झटल्या, वर्धा जिल्हा गांधींच्या नावाने दारूबंदीचा जिल्हा झाला, आणि त्या कायद्यात पिणाराही गुन्हेगार आहे. मग दारू पिणाऱ्याला शिक्षा चालते आणि गर्भपाताला नको, ही सोयीची नीती नाही का? फरक आहे, आणि तो गांधींच्या त्या उत्तरातच सापडतो. दारूच्या कायद्यात मार पडतो तो ज्याच्या हातात घरची सत्ता आहे त्याच्यावर, आणि मागणी करणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. गर्भपाताच्या गुन्ह्यात सत्ता असलेला माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात कधी येतच नाही. बाकी, बंदीने मागणी संपते की फक्त मागच्या दाराने चालते, याबद्दल वर्धेकरांना बाहेरच्या कुणी शिकवण्याची गरज नाही.

मंत्रिपद गेल्यावर सुशीलाबहेन परतल्या. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. खादी घालणारे, प्रार्थनेला बसणारे, एकेक खेडं दत्तक घेणारे विद्यार्थी तिथे तयार होऊ लागले, आणि १९७२ नंतर इतर कुठल्याही वैद्यकीय विद्यार्थ्यासारखा गर्भपाताचा कायदाही ते शिकू लागले. पण खेड्यातल्या बाईपर्यंत तो कायदा पोचला का? सेवाग्रामच्या आश्रमशाळेत वाढलेले अभय बंग आणि त्यांच्या पत्नी राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये जानेवारी १९८९ मध्ये आले. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि बहुतेकींची त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणीच झालेली नव्हती. अंगावर पांढरं जातं हे सांगायला जी लाजते, ती दिवस गेल्याचं आणि नको असल्याचं सरकारी दवाखान्यात जाऊन कसं सांगणार? नव्वदच्या दशकात मनीषा गुप्ते, सुनीता बंदेवार आणि हेमलता पिसाळ यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांत याच प्रश्नाचा अभ्यास केला. कायद्याला सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, तरी नवऱ्याची सही मागितली जाते, आणि बाईला सगळ्यांत जास्त हवी असते ती गुप्तता, हे त्यातून पुढे आलं. गुप्ततेसाठी ती खासगी दवाखान्यात जाते, पैसे मोजते, नोंद टाळते.

याच्या थोडं आधी लिंगनिदान करून होणाऱ्या गर्भपाताविरुद्धचा पहिला मोठा जाहीर आवाज उठला, आणि तो धर्मपीठांचा नव्हता. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजलपरीक्षेचे दवाखाने फोफावले, मुलगी असेल तर पाडा हा त्यांचा उघड धंदा होता. स्त्रीसंघटना आणि डॉक्टरांनी मिळून त्याविरुद्ध मंच उभा केला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, तो कागदावर राहिला म्हणून २००० मध्ये सेहत आणि मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २०११ मध्ये ८९४. संताप योग्यच होता. मंचातल्या बायका सुरुवातीपासून जपून बोलत होत्या: विरोध तपासणीला आहे, गर्भपाताला नाही. पण मोहीम सरकारच्या हातात गेली तेव्हा हे भान सुटलं. भिंतीभिंतींवर सुरीखालचा गर्भ आणि महापापाच्या घोषणा रंगल्या. जिल्हाधिकारी कार्यालयांनी गर्भपाताची प्रत्येक नोंद संशयाने बघायला सुरुवात केली, २०१२ नंतर गोळ्यांच्या विक्रीवर कारवाया झाल्या आणि दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलं. चर्चला जे साधलं नाही ते सरकारच्या भिंतीवरच्या चित्रांनी साधलं. लिंगनिदान मात्र त्याच काळात फिरत्या यंत्रांवर सुरूच राहिलं, म्हैसाळपासून परळीपर्यंत धंदा नव्याने उघडकीस येत राहिला.

जानेवारी २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत एका तेरा वर्षांच्या मुलीच्या बेकायदा गर्भपाताची तक्रार झाली. पोलिसांनी त्या खासगी रुग्णालयाचा परिसर खणला तेव्हा गोबरगॅसच्या खड्ड्यात ११ कवट्या आणि ५४ हाडं सापडली. बातमी देशभर गेली, आणि कायदा किती सैल आहे पाहा, असा पुकारा झाला. मला त्यातून उलटा निष्कर्ष निघताना दिसतो. तेरा वर्षांच्या मुलीचा गर्भ बलात्काराचाच असतो, कायद्याने त्याला सरकारी रुग्णालयात विनामोबदला वाट ठेवलेली आहे, वैद्यकीय महाविद्यालयं असलेल्या जिल्ह्यात ती वाट लांबचीही नाही. तिला तिथे न नेता दुसरीकडे नेलं गेलं, कारण सरकारी नोंद झाली की पोलीस येणार आणि संबंधित मुलाचं नाव येणार. तिथे जे चाललं ते कायद्याच्या सैलपणाने चाललं नाही, गुपिताच्या गरजेने चाललं. ती गरज शंभर वर्षं जुनी आहे, आणि भिंतीवरच्या महापापाने ती कमी होत नाही, वाढते.

त्याच वर्षी दोन घटना पाठोपाठ घडल्या. कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली तो १० ऑगस्ट हा दिवस कॅथलिक बिशपांनी आदल्या वर्षी शोकदिन म्हणून पाळायला सांगितला होता. २०२२ च्या १० ऑगस्टला दिल्लीत 'मार्च फॉर लाइफ' निघाला. पन्नास वर्षांनी का होईना, इथला गर्भपातविरोध स्वतःच्या नावाने रस्त्यावर आला. मला हे वाईट वाटत नाही, कारण समोर कुणीतरी उभं राहिल्याशिवाय ज्या गोष्टी सांगितल्या गेल्या नाहीत त्या आता सांगाव्या लागतील. आणि २९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही सांगितल्याही. २०२१ च्या दुरुस्तीने मुदत ठराविक बायकांसाठी २४ आठवड्यांपर्यंत गेली होती. न्यायालय म्हणालं, त्यातून अविवाहित बाईला वगळता येणार नाही, अल्पवयीन मुलीची ओळख डॉक्टरने पोलिसांना सांगण्याची सक्ती नाही, आणि गर्भपाताच्या कायद्यापुरता तरी नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कारच धरावी. नवऱ्याला नकार देण्याचा जो अधिकार गांधी वर्ध्यात सँगरबाईंना सांगत होते, त्याची गर्भपाताच्या संदर्भात न्यायालयाने पहिल्यांदा अशी दखल घेतली. गांधींना हा निकाल आवडला असता असा दावा करण्याइतका मी भाबडा नाही.

निकालाने सगळं सुटलं असंही नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या पाहणीनुसार २०१५ मध्ये भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, आणि त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. कायदा संरक्षण देतो ते मान्यताप्राप्त ठिकाणी, डॉक्टरच्या मतानुसार झालेल्या गर्भपाताला. म्हणजे औषधाच्या दुकानातून गोळ्या आणणारी बाई आजही जुन्या कलमाच्या कक्षेत उभी आहे. १ जुलै २०२४ पासून इंग्रजांची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ३१२ चं ८८ झालं, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही या कलमात येते हे १८६० चं स्पष्टीकरण नव्या पुस्तकात जसंच्या तसं उतरवून घेतलं गेलं.